बेत, आराखडा आणि अभिकल्प

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गाच्या निमित्ताने आम्हां दोघांकडे एक लहानसे काम आले. शालेय विद्यार्थ्यांनी वस्तू नुसती पाहून न शिकता ती योजावी, घडवावी आणि तपासावी, अशा स्वरूपाचे काही उपक्रम आखले जात होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९० पासून ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ नावाचा जो स्वतंत्र विषय आहे, त्याची चौकट या उपक्रमांमागे होती. त्यातील चाळीसेक मूलभूत संज्ञांना मराठी पर्याय हवे होते. मराठीचे प्राध्यापक म्हणजे शब्दांचे सावकार, असा एक समज आमच्या जिल्ह्यात अजून शिल्लक आहे. तो गैरसमज आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा आम्ही दाखवला नाही आणि काम घेतले.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन संध्याकाळी बसून यादी पुरी झाली. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि विश्वकोशाचा परिभाषासंग्रह हाताशी होते. डिझाइन म्हणजे अभिकल्प, स्ट्रक्चर म्हणजे संरचना, मेकॅनिझम म्हणजे यंत्रणा, मटेरियल म्हणजे द्रव्य, टूल म्हणजे साधन, प्रोटोटाइप म्हणजे आदिरूप, क्रायटेरिया म्हणजे निकष. यादी सुबक दिसत होती, शुद्धलेखन निर्दोष होते. आम्हांला समाधान वाटले हे कबूल केले पाहिजे.

वर्ग भरला तो खामगाव तालुक्यातील एका खेड्यात. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात कायम असतात. हे गाव घाटाखालचे, वऱ्हाडी बोलणारे. संयोजकांनी गावातील एका वयस्क सुतारालाही बोलावले होते. ते अंगणात डव्याऱ्याचे रुमणे बदलत होते, आणि शिक्षक आमची छापील यादी हातात धरून भोवती उभे होते. यादीतील पहिला शब्द कोणीतरी मोठ्याने वाचला. मिस्तरींनी मान वर केली.

“सर, हे अभिकल्प म्हन्जे काय असते जी?”

आम्ही सांगितले, “मिस्तरी, एखादी वस्तू करण्याआधी ती कोणासाठी, कशासाठी, कोणत्या लाकडाची आणि केवढ्या मापाची करायची, याचा जो विचार करतात तो.”

“मंग बेत म्हना ना. बेतल्याबिगर लाकडाले हात लावत नाई आमी.”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढे ‘साधन’ हा शब्द निघाला, तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीकडे बोट दाखवले. वाकस, रंधा, पटाशी, करवत हे त्यांचे हत्यार. डवरा, वखर, तिफण हे कास्तकाराचे अवजार. हत्यार कारागिराचे, अवजार शेतकऱ्याचे. पहिल्याने दुसरे घडते. आम्ही दोन्ही ‘साधन’ या एका शब्दात गुंडाळून टाकली होती. वास्तविक ‘सुताराची हत्यारे’ आणि ‘शेतीची अवजारे’ असा भेद आपण सारेच नकळत पाळतो. पण कोश उघडला की तो विसरायला होतो.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्हांला आठवला तो दुसराच प्रसंग.

त्याच्या तीनचार वर्षे आधी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही ‘परिसरातील एक व्यवसाय’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एका मुलाने वडिलांच्या लोहारकामावर लिहिले. विळ्याला पाणी कसे पाजतात, हे त्याने पानभर वर्णन केले होते. पाते किती लाल होऊ द्यायचे, पाण्यात किती बुडवायचे, मग त्यावर चढणारा रंग पाहून हात कधी थांबवायचा. फार कडक झाले तर तुटते, नरम राहिले तर वाकते, असेही त्यात होते. आम्ही ‘पाणी पाजणे’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘लोखंड थंड करणे’. शेवटी शेरा दिला, ‘भाषा ग्राम्य. प्रमाण शब्द वापरावेत.’ गुण दहापैकी चार.

आता विचार केला तर आमची दुरुस्ती भाषेच्या दृष्टीने संकुचित होतीच, शिवाय ती वस्तुतः चुकीचीही होती. तापलेले पोलाद एकदम निववल्याने ते कठीण होते, आणि पुन्हा बेताने तापवले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. धातुविज्ञानात हे एक संपूर्ण प्रकरण आहे. ‘पाणी पाजणे’ या दोन शब्दांत ते सारे येते. ‘थंड करणे’ या शब्दांत त्यातले काहीच येत नाही, कारण चहाही थंड होतो. पारिभाषिक संज्ञा आम्ही खोडली आणि तिच्या जागी एक सामान्य क्रियापद बसवले. तो मुलगा काही बोलला नाही. वर्ष संपल्यावर त्याने महाविद्यालय सोडले आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी या व्यवसायाला प्रवेश घेतला. त्याच्या जाण्याला आमचा शेरा कारण झाला असे म्हणण्याइतके आम्ही स्वतःला महत्त्वाचे समजत नाही. परंतु वर्गात त्याने जे एकमेव मन लावून लिहिले, त्याला आम्ही काय उत्तर दिले, हे आमच्या गुणपत्रकात नोंदलेले आहे.

या दोन प्रसंगांमुळे आम्ही ती यादी पुन्हा पाहायला घेतली. आता गंमत पाहा. ‘डिझाइन’ या एका शब्दाला मराठीत किती शब्द आहेत आणि ते कुठे कुठे राहतात! एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या मुलाला तो ‘संकल्पचित्र’ म्हणून भेटतो, आणि त्याच्या मनात वर्तुळात भरलेली फुलापानांची नक्षी उभी राहते. जलसंपदा विभागाची धरणांचे डिझाइन करणारी नाशिकची संस्था ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ हेच नाव लावते. म्हणजे परीक्षेतील नक्षी आणि पूर्णा-पैनगंगेवरच्या धरणाची भिंत कागदोपत्री एकाच शब्दाखाली येतात. कोशात ‘अभिकल्प’ आहे, गवंड्याकडे ‘आखणी’ आहे, कार्यालयात ‘आराखडा’ आहे, सराफाकडे ‘घाट’ आहे आणि शिंप्याकडे ‘बेत’. कापडाला कात्री लावण्यापूर्वी तो अंगाच्या मापाने बेततो. त्याच शब्दाने आपण प्रवासाचा बेत करतो, जेवणाचा बेत ठरवतो, ‘बेताने घे’ असे मुलांना सांगतो. हेतू, माप, मर्यादा आणि पूर्वविचार या चारही गोष्टी या दोन अक्षरांत एकत्र येतात. डिझाइनची याहून नेमकी व्याख्या आम्हांला कोशात आढळली नाही.

आणखी थोडे खाली खणले, तर आमच्या लक्षात आले की ज्या शब्दांना आपण शास्त्राचे म्हणून मान देतो, तेही मुळात कारखान्यातूनच आलेले आहेत. ‘तंत्र’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून झाला, आणि त्याचा एक जुना अर्थ माग, मागावरचा ताणा असा आहे. ‘यंत्र’ आणि ‘नियंत्रण’ ही ‘यम्’ म्हणजे आवरणे या धातूची भावंडे. ग्रीक ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार आणि संस्कृत ‘तक्षन्’ म्हणजेही सुतार. भाषाशास्त्रज्ञ या दोन्ही शब्दांचे कूळ एक मानतात. ग्रीक ‘तेख्ने’ याच कुळातला, आणि त्यावरून ‘टेक्नॉलॉजी’. तर ‘तक्ष्’वरून आपले ‘तासणे’. म्हणजे आमच्या यादीतील सर्वांत आधुनिक शब्द आणि मिस्तरींच्या हातातील वाकसाचे काम, यांचे नाते फार जुने आहे. ते आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. एम.ए.ला आम्ही व्युत्पत्ती शिकलो होतो. परंतु व्युत्पत्ती ही परीक्षेत लिहायची गोष्ट असते, अंगणात आठवायची नव्हे, असा आमचा समज असावा.

साहित्याच्या अध्यापकांनी तर याबाबत अधिक सावध असायला हवे होते. आपली समीक्षा कोणाच्या शब्दांवर उभी आहे? कथेचा ‘घाट’, कादंबरीची ‘बांधणी’, भाषेचा ‘पोत’, अनुभवाची ‘वीण’, ‘साचेबंद’ पात्रे, ‘कोरीव’ शैली, व्यक्तिमत्त्वाची ‘जडणघडण’. ‘निकष’ आणि ‘कसोटी’ ही सोने घासून पाहण्याच्या दगडाची नावे. रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या खामगावात त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागू नये. ‘सूत्र’ म्हणजे धागा, ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेले. ‘साहित्य’ या शब्दाचेच पाहा. आम्ही ‘मटेरियल’ला ‘द्रव्य’ असा पर्याय दिला. आणि मिस्तरी दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, “साहित्य आनलं का?” पूजेचे साहित्य, स्वयंपाकाचे साहित्य, सुतारकामाचे साहित्य. ज्या शब्दावर आमचा विषय, आमचे पद आणि आमचा पगार अवलंबून आहे, तो शब्द आम्हांला त्या अर्थाने सुचला नाही.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील लयविचार आपण दरवर्षी शिकवतो. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या विचाराची तीन तत्त्वे. डिझाइन शिकवणारा कलाशिक्षकही सुसंवाद, विरोध, समतोल याच तीन गोष्टी फळ्यावर लिहितो. आम्ही एकाच इमारतीत शेजारच्या खोल्यांत हे शिकवत आलो, आणि आमच्या शब्दांची गाठ कधी पडली नाही.

येथे कोशकारांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय सुरू झाले आणि राज्यकारभारासाठी, शास्त्रांसाठी हजारो शब्दांची गरज एकदम उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. त्यांच्या पुत्राने राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश रचवून घेतला, तेव्हाही प्रश्न असाच होता : सत्ता आपली झाली, आता शब्द कोणाचे? फारसीच्या जागी संस्कृत शब्द सुचवले गेले. त्यातील थोडेच व्यवहारात रुळले. पण तो प्रयत्न व्यर्थ होता असे कोणी म्हणणार नाही.

शिवाय सगळेच नवे शब्द एका टाकसाळीतले नसतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशयादीत टर्नर हा ‘कातारी’ आहे, फिटर ‘जोडारी’ आहे, वेल्डर ‘संधाता’ आहे, इलेक्ट्रिशियन ‘वीजतंत्री’ आहे. कातारी हे लाकूड कातून खेळणी, पलंगाचे पाय करणाऱ्या कारागिराचे जुने नाव; ते लेथवरच्या माणसाला दिले. जोडारी हा ‘जोडणे’ या चालत्या क्रियापदावरून मराठीच्या चालीने घडवलेला. संधाता थेट संस्कृतातून आणलेला. रस्त्यावर हे तिघेही टर्नर, फिटर, वेल्डर म्हणूनच ओळखले जातात ही गोष्ट वेगळी. पण पहिले दोन शब्द ऐकताच कामाचा काहीतरी अंदाज येतो, तिसरा ऐकून येत नाही.

मात्र याला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्याच एका विद्यार्थिनीने दाखवली. ती म्हणाली, “सर, संधाता म्हटलं की जात कळत नाही. लोहार म्हटलं की कळते.” या वाक्यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात प्रत्येक कामाचे शब्द त्या त्या घरात कोंडलेले होते. सुताराचे शब्द सुताराच्या मुलाला, चांभाराचे चांभाराच्या मुलाला. शब्द समृद्ध होते, पण दारे बंद होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली, ती ज्ञान आणि श्रम यांच्यातील ही भिंत ओळखूनच. १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम ठरवण्यात आले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. पुढे तो शाळेच्या वेळापत्रकात आला, आणि आपल्यापैकी बहुतेकांना घोटीव कागदाच्या फुलांच्या रूपाने तो आठवतो. ज्या मुलांच्या घरी खरे काम होते त्यांच्या घराला त्या तासात जागा नव्हती. घरचे काम जातीचे, शाळेचे काम गुणांचे, अशी वाटणी झाली.

म्हणून जुने शब्द परत आणा एवढेच म्हणून भागणार नाही. ते शब्द त्या घरातून बाहेर काढून सर्वांच्या पाटीवर लिहिले गेले पाहिजेत. ‘पाणी पाजणे’ ही संज्ञा ज्या दिवशी लोहाराच्या मुलाइतकीच वकिलाची मुलगी वापरील, त्या दिवशी ती प्रमाण होईल. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात हेच घडत आले आहे. तेथे शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, ऊर्जा-पर्यावरण आणि अभियांत्रिकी ही चारही प्रकारची कामे मुलगा असो वा मुलगी, सर्वांनी करायची असतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी २००० नंतरच्या दशकात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसह डिझाइन-तंत्रज्ञानाचे पाठ करून पाहिले. पिशवी शिवणे, पवनचक्कीची प्रतिकृती करणे, बाहुल्यांचा खेळ उभा करणे, असे त्यांचे विषय होते. वस्तू करण्याआधी गटात बोलणे आणि चित्र काढणे याला त्यांत महत्त्व होते. आणि बोलणे आले म्हणजे शब्द आले.

हे शब्द आमच्या भागात कुठे मिळतील याचा विचार करताना आम्ही तिफणीपाशी थांबलो. इंग्रजी यादीतील बहुतेक मूलभूत संकल्पना या एका अवजारात सापडतात. दांडी, फण आणि रुमणे यांची जुळणी ही संरचना. चाड्यात पडलेले बी तीन नळ्यांतून तीन फणांमागे सारखे वाटले जाणे ही यंत्रणा. जू आणि दांडी यांची बांधणी पुढेमागे करून फण किती खोल जावा हे ठरवणे, हे समायोजन. आणि नियंत्रण? ते लाकडात नाहीच. ते चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांत आहे. बैलांची चाल, ओल, बियाण्याचा आकार हे सारे लक्षात घेऊन तिची मूठ सैल-घट्ट होत राहते. ‘मूठ धरणे’ या शब्दांत जी कुशलता आहे, ती ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात दातेरी चाके आणि फिरत्या तबकड्यांकडे सोपवली जाते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात माणसाच्या हातून यंत्राकडे काय गेले, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. तिफण आता शेतांतून कमी झाली आहे. पण आजी-आजोबा आहेत तोवर शब्द विचारता येतील.

आणि तरीही काही जागा रिकाम्या राहिल्या, हे सांगितले पाहिजे. ‘प्रोटोटाइप’ला आम्ही मिस्तरींकडे शब्द मागितला. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “पयलाच गिऱ्हाइकाले देतो आमी. खराब झाला त तो वापस आनते.” जेथे वस्तू एकेक करून, ओळखीच्या माणसासाठी घडते, तेथे चाचणीसाठी वेगळी वस्तू करण्याची गरज पडत नाही, म्हणून शब्दही नाही. तसेच बेत मिस्तरींच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो. तो दुसऱ्याला दाखवता येत नाही, त्यावर वाद घालता येत नाही, चूक कोठे झाली हे शोधता येत नाही. नव्या विषयाने नेमके हेच दिले आहे : हातातील विचार कागदावर आणून चर्चेला खुला करणे. त्या कागदाला ‘आराखडा’ म्हणावे, आणि त्याच्या आधीच्या विचाराला ‘बेत’. ‘अभिकल्प’ हा शब्द ज्यांना उच्च अभ्यासात हवा त्यांनी अवश्य वापरावा. पण सहावीच्या मुलाशी पहिली ओळख त्याने करून देऊ नये. जेथे संकल्पना हातात आहे, तेथे हाताचा शब्द घ्यावा. जेथे संकल्पनाच नवी आहे, तेथे नवा शब्द करावा आणि तो नवा आहे हे सांगावे. एवढा साधा नियम आम्ही आमच्यापुरता ठरवला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे अशी कल्पना आहे. २०२१ पासून निवडक महाविद्यालयांत प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायलाही परवानगी मिळाली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांलाही आहे. पण त्या दहा दिवसांत मुले सुताराकडे जाऊन परत येतील, तेव्हा त्यांच्या वहीत त्याचे शब्द असतील की आमच्यासारख्यांनी बसून केलेल्या यादीतले, हा प्रश्न आमच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. आणि त्या वह्या तपासणाऱ्याच्या हाती तांबडी लेखणी असणारच आहे.

आम्ही आमची यादी बदलून दिली. आता प्रत्येक संज्ञेपुढे दोन रकाने आहेत : कोशातील शब्द आणि कामावरचा शब्द. दुसऱ्या रकान्यात ओळंबा, पाणसळ, गुण्या, साचा, झाळणे, बेतणे असे शब्द जमत आहेत. द्वितीय वर्षाचा तो निबंध आम्ही अजून देतो. फक्त आता घरच्या किंवा शेजारच्या कामातील दहा शब्द, ते काम नीट वर्णन करून, आणायला सांगतो.

लोहारकामाचे पान बराच काळ अपुरे होते. अखेर गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्या मुलाला दूरध्वनी केला. मुलगा कसला, आता तो एका कारखान्यात जोडारी आहे, संसारी आहे. निबंधाची आठवण आम्ही काढली, शेऱ्याबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, मले काई याद नाई त्याची.” ते खरे असेल, किंवा आमच्या पदाचा मान राखण्यासाठी असेल. मग आम्ही पाणी पाजण्याबद्दल विचारले. तो तब्बल वीस मिनिटे बोलला, आणि आम्ही लिहून घेतले.